तीनशे बारा रोगांचं कोकरू

आमच्या विद्यालयाच्या ऑफिसात चार खुर्च्या आहेत. एक माझी. एक ज्युनिअर क्लार्कची, पण ते पद आठ वर्षं रिकामं असल्यामुळे ती भिंतीला टेकून असते. उरलेल्या दोन पालकांसाठी. हिराबाईंची खुर्ची नाही. शिपायासाठी बाहेर घंटेखाली एक स्टूल असतं. त्यामुळे हिराबाई कॉम्प्युटरवर काम करतात ते उभ्याने, थोडं पुढे वाकून, आणि मी बसून करतो त्याच्या दुप्पट वेगाने. ही गोष्ट मला दहा वर्षं सहन होत आलेली नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी करावी लागणार नाही.

कळंबहून मंचरकडे येताना हायवे सोडून आत वळलं की आमचं विद्यालय लागतं. तिथे मी एकतीस वर्षं हेडक्लार्क आहे. गाव मला भाऊसाहेब म्हणतं. कोणी सत्तावीस वर्षांपूर्वीचा दाखला मागितला तर मी तो चार मिनिटांत काढून देतो. येत्या मार्चअखेर मी निवृत्त होईन. जाताना लोकांनी म्हणावं, या ऑफिसात भाऊसाहेबांना येत नाही असं काही नव्हतं, एवढीच माझी इच्छा होती. ती पूर्ण होण्याच्या आड एकच व्यक्ती उभी होती. खरोखरच उभी होती.

हिराबाई राघू मेंढक्याची मुलगी. राघू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटघरच्या बाजूने कोकणात उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की वर यायचा. मेंढरांचा वाडा, म्हणजे मुक्काम, जिथे पडेल तिथल्या शाळेत हिराबाई बसायच्या. असं करत आठवीपर्यंत आल्या आणि लग्न झालं. नवरा मच्छिंद्र आमच्याकडे शिपाई होता. हायवेवर एका पिकअपने त्याला उडवलं आणि त्याच्या जागी अनुकंपावर या लागल्या. लागल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. तो फॉर्म मीच भरून दिला होता. तेव्हा मनात कौतुकच होतं. माणूस आपल्या खाली असेपर्यंत कौतुक सोपं जातं.

पुढे सगळी कामं ऑनलाइन झाली. मुलांची माहिती, शिष्यवृत्ती, बोर्डाचे अर्ज, पगाराची बिलंसुद्धा. मी आधी कागदावर लिहून काढायचो आणि मग एका बोटाने टाइप करायचो. एकदा पान पुढे जाईना म्हणून मी बटण दाबत बसलो होतो. हिराबाई चहा ठेवायला आल्या होत्या.

"भाऊसाहेब, ते चाक फिरतंय तवर दाबू नका. दर टायमाला ते बिचारं पयल्यापासनं सुरू करतंय."

मी हात काढला. चाक थांबलं, पान उघडलं. त्या चहाची चव मला अजून आठवते.

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. रोज सकाळी ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसताना कुठलं अक्षर कुठे आहे ते पाठ झालं होतं. इंग्रजी त्या अडखळत वाचायच्या, पण पडद्यावरचं प्रत्येक पान त्या चेहऱ्याने ओळखायच्या. मेंढकं मेंढरं मोजत नाहीत, म्हणायच्या, चेहरं बघत्यात. एखादं परकं घुसलं की लगेच कळतं.

बघता बघता मुख्याध्यापक बाणखेले सर माझ्यासमोर त्यांना हाक मारू लागले. "हिराबाई, जरा बघता का, हे भाऊसाहेबांकडून होत नाहीये." पालक खिडकीशी येऊन, आत मी बसलेला असताना, माझ्या डोक्यावरून मागे बघत विचारायचे, "हिरामावशी हायेत का?" एका पावण्यांना मी म्हणालो, "काम काय आहे ते मला सांगा." ते म्हणाले, "न्हाई भाऊसाहेब, कॉम्प्युटरचं हाय. तुमी कशाला तरास घेता!"

मी क्षुद्रपणा केला नाही असं नाही. त्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरत असताना पिण्याच्या पाण्याचा पिंप अर्धा राहिला, तेवढ्यावरून मी त्यांना लेखी ज्ञापन दिलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, पोच म्हणून सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"सही केलीया. पर तारीख उद्याची पडलीया बगा."

एकतीस वर्षांत माझी तारीख चुकली ती तेवढी एकदाच.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. शनिवार होता, सकाळची शाळा. साडेबाराला सगळे गेले. मी शिक्षकांच्या रजेचा तक्ता काढत होतो. अचानक पडदा लाल झाला आणि कॉम्प्युटरमधून रुग्णवाहिकेसारखा भोंगा वाजू लागला. मग एका बाईचा आवाज, हिंदीत: आपके कंप्यूटर में खतरनाक वायरस है, कंप्यूटर बंद मत कीजिए, तुरंत इस नंबर पर फोन कीजिए. खाली नंबर. एक हजार चाळीस मुलांची माहिती त्या एका यंत्रात होती.

खिडकीतून हिराबाई दिसत होत्या. वर्गांची कुलपं ओढून बघत व्हरांड्यातून चालल्या होत्या. तीस पावलांवर. एक हाक पुरली असती.

मी हाक मारली नाही. खिडकी लावून घेतली, भोंगा बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. दर वाक्याला सर. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, वहाँ कंप्यूटर के इंचार्ज आप ही हैं?"

गेल्या कित्येक वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "हाँ, मैं ही हूँ."

मग तो सांगेल ते मी करत गेलो. माउसचा बाण आपोआप फिरू लागला. त्याने तपासणी चालवली आणि एक यादी पुढे आली. धोके: तीनशे बारा. वर्षभराच्या संरक्षणाचे चार हजार नऊशे नव्व्याण्णव मी माझ्या फोनवरून भरले. शाळेकडे मागितले असते तर सरांनी हिराबाईंना विचारलं असतं. लाल पडदा गेला, भोंगा थांबला आणि कोपऱ्यात एक हिरवी ढाल आली. त्या प्रोग्रामचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. मी ढालच म्हणायचो. तीनशे बारा धोक्यांची यादी छापून, तिला आवक क्रमांक देऊन मी 'संगणक सुरक्षा' अशी नवी फाइल उघडली.

सोमवारी सरांना म्हणालो, "सर, मशीनला संरक्षण बसवून घेतलं."

"वा! हिराबाईंनी?"

"मी."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. ते पाहणं मला पाच हजारांत स्वस्त वाटलं.

पुढचं वर्ष माझं चांगलं गेलं. दर सोमवारी दहा वाजता मी ढालीची तपासणी चालवायचो. कधी नऊ धोके निघायचे, कधी चौदा. 'सर्व काढले' असं आलं की आकडा फाइलमध्ये लिहायचो. तो पाऊण तास हिराबाईंना काम असलं तरी थांबावं लागे. त्या दारात उभ्या राहायच्या.

"मशीन लई दमतंय हल्ली, भाऊसाहेब," एकदा म्हणाल्या.

"सुरक्षा म्हटली की थोडं हळू चालणारच."

"हे कोपऱ्यातलं हिरवं काय करतं नक्की?"

"तो तुमचा विषय नाही. त्याला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत," त्या म्हणाल्या आणि पिंप भरायला गेल्या. त्या यंत्रात माझी अशी एक तरी जागा झाली होती, जिथे त्यांना प्रवेश नव्हता.

यंदा ऑगस्टमध्ये माजी विद्यार्थ्यांनी शाळेला नवा कॉम्प्युटर दिला. यात पुढाकार दादाभाऊचा. तो मंचरच्या बाजारात बटाट्याचा आडतदार आहे आणि आमच्या शालेय समितीवरही आहे. छोटा कार्यक्रम झाला, नारळ फुटला, खोकं उघडलं. नेमकं त्याच सुमारास जुन्या मशीनवर ढाल सांगू लागली होती की मुदत संपत आली, नूतनीकरण करा. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं ते संरक्षण याच्यावरही बसवा. सुरुवात सुरक्षित व्हावी."

मी खुर्चीत बसलो. पाठीमागे सर, दादाभाऊ, दोन शिक्षक. दारात चहाचा ट्रे घेऊन हिराबाई. नेटवरून ढाल उतरवून घेतली, तपासणी सुरू केली. हिरवी पट्टी सरकत गेली आणि शेवटी आकडा आला.

धोके: तीनशे बारा.

"आँ?" दादाभाऊ म्हणाला. "अजून थर्माकोल निघायचाय त्याचा!"

"कारखान्यातूनच येतात," मी म्हणालो. हे वाक्य कुठून आलं ते मलाही माहीत नाही. पण ते सगळ्यांना पटलं.

खाली दोन मशीनच्या नूतनीकरणाची रक्कम आली होती, चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव. सर म्हणाले, "टिपणी ठेवा. शुक्रवारी समितीची सभा आहे, माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून मंजूर करून टाकू." दादाभाऊने मान डोलावली.

सगळे गेले. हिराबाई कप गोळा करत राहिल्या. एरवी हे काम त्या दोन मिनिटांत उरकतात.

"भाऊसाहेब, एक सांगू का? रागवू नका."

"बोला."

"मी ल्हान व्हते. आमचा वाडा घाटघरच्या अलीकडं पडला व्हता. एक डाक्टर आला, कोटवाला. जाळीच्या बाहीर उभा ऱ्हाऊन बाला म्हणला, तुज्या कळपात रोग शिरलाय, पंधरा दिसांत निम्मी मेंढरं जात्याल. बा घाबारला. डाक्टरनं निळं औषीद दिलं, कपाळावर टिळा लावायचा. बानं दोन चांगली मेंढरं देऊन ते घेतलं."

"मग?"

"मंग काय! बा दर आठ दिसाला समद्यांला टिळा लावायचा. आईला समजलं व्हतं, निसता रंग हाय. पर ती बोलली न्हाई. बाला त्यो टिळा लावताना लई बरं वाटायचं. पुढं डाक्टर परत आला, औषीद संपलं आसंल म्हणून. त्या दिशी पहाटं एक मेंढी व्याली व्हती. कोकरू अजून धड उभं बी ऱ्हात न्हवतं. डाक्टर त्याच्याकडं बोट करून म्हणला, हेच्यात बी रोग हाय. तवा बा काठी घेऊन उठला."

त्यांनी शेवटचा कप ट्रेमध्ये ठेवला.

"आजचं मशीन पहाटंचंच हाय, भाऊसाहेब. त्याला तीनशे बारा रोग कुठनं आलं? आन् जुन्याला पयल्या दिशी किती निघालं व्हतं? तुमच्या फायलीत कागद आसंल. तुमी कागद टाकत न्हाई."

"हिराबाई, पिंप भरला का?"

"भरलाय." आणि त्या गेल्या.

मी फाइल काढली. काढायची नाही असं ठरवलं होतं, पण हाताला सवय आहे. पहिला कागद, आवक क्रमांकासह: तीनशे बारा. नव्या मशीनची यादी छापली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि फूटपट्टी लावून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तीनशे बाराच्या तीनशे बारा ओळी एकच होत्या. सत्तेचाळिसाव्या ओळीत आमच्या जुन्या छपाई यंत्राचं नाव होतं. ते नव्या मशीनला अजून जोडलेलंच नव्हतं. मी तिथेच थांबू शकलो असतो. शेवटपर्यंत गेलो, कारण कुठेतरी एक ओळ वेगळी निघावी असं वाटत होतं.

हिराबाई घंटा देऊन परत आल्या तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपास्नं. सुट्टीत मी झाडायला आले व्हते, नेट बंद व्हतं. तरी ढाल म्हणली, आज नेटवरनं एकवीस नवे आले. म्हणलं, आले कोणत्या वाटंनं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी म्हणला हात लावू नका. आन् सोमवारी त्याच्यापुढं बसायचा तवा तुमी लई खुशीत दिसायचा."

मला त्या माणसाचा राग आला नाही, ज्याने मला फसवलं. राग याच बाईचा आला. दहा महिने हिने माझ्याकडे बघत उभं राहून माझं सुख सांभाळलं होतं. कॉम्प्युटर शिकता येतो, कुठेतरी क्लास असतो. हे मला कुठल्या क्लासमध्ये मिळणार होतं?

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. टिपणी मी आधीच टाइप केली होती: 'नूतनीकरणास मंजुरी मिळावी.' खाली सहीची जागा रिकामी. समितीने पैसे भरले असते तर कोणाला काही कळलं नसतं. हिराबाई बोलणार नाहीत, याची मला खात्री होती, आणि तीच खात्री मला झोपू देत नव्हती. त्या गप्प राहिल्या तर मी मार्चमध्ये मानाने बाहेर पडलो असतो, पण त्यांनी दिलेल्या मानाने. ते मला नको होतं.

शुक्रवारी सभा सुरू झाली. विषय क्रमांक चार. सर म्हणाले, "भाऊसाहेब, टिपणी वाचा."

"टिपणी मागे घेतो," मी म्हणालो. "ती ढाल खोटी आहे. गेल्या वर्षी मी फसलो. पैसे माझे होते, शाळेचे नाहीत. आता भरू नयेत."

मी दोन्ही याद्या टेबलावर ठेवल्या. दादाभाऊने त्या उलटसुलट केल्या आणि हसू लागला.

"भाऊसाहेब, तुमी? राव, माज्या दाखल्यावर शाईचा एक डाग व्हता तर तुमी मला तीन हेलपाटे घालायला लावलं व्हतं! आन् ह्यो कोण कुठला फोनवरचा, त्याला एका झटक्यात पास?"

सगळे हसले. मीही थोडा हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "लक्षात कसं आलं?"

दारात हिराबाई चहा घेऊन आल्या होत्या.

"कागदपत्रं तपासताना," मी म्हणालो.

हिराबाईंनी प्रत्येकापुढे कप ठेवला. माझ्यापुढेही ठेवला, दांडी माझ्या उजव्या हाताकडे करून, रोज ठेवतात तसा. सर म्हणाले, "शेवटी तुमच्या फायली कामाला आल्या." दादाभाऊ म्हणाला, "ते मातर खरं." मला हवं होतं ते वाक्य जवळजवळ मिळालं होतं.

सभा संपल्यावर मी ऑफिसात गेलो आणि माझी खुर्ची कॉम्प्युटरपुढून मागे सरकवली.

"हिराबाई, ती ढाल काढून टाका. दोन्हीवरून. बसा इथे."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "नगं. बसलं की मला त्याचं तोंड नीट दिसत न्हाई." आणि उभ्यानेच, थोडं पुढे वाकून, त्यांनी काम सुरू केलं. तो माणूस गेल्या वर्षी बाण फिरवत होता हे मी सांगितलं, तेव्हा सगळे पासवर्ड बदलायला हवेत, असं म्हणाल्या आणि एकेक बदलून घेतला. टाइप मी केले, त्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं. माझ्या बँकेचाही बदलायला लावला. सायबर पोलिसांकडे तक्रार केली. ते पैसे परत आले नाहीत. जुनं मशीन मात्र दुपारपर्यंत पळायला लागलं.

सभेचं इतिवृत्त मीच लिहितो. एकतीस वर्षं माझ्याच अक्षरात आहे. सभेत बोलल्याप्रमाणे लिहायचं, जास्त नाही, कमी नाही, हा माझा नियम. विषय चारपाशी लेखणी थांबली. 'कागदपत्रे तपासताना आढळून आले' एवढं लिहिलं असतं तर ते नियमाला धरून झालं असतं. बराच वेळ तो चहाचा कप डोळ्यांपुढे येत राहिला. अखेर मी लिहिलं: 'सदर प्रोग्राम बनावट असल्याची बाब शिपाई श्रीमती हिराबाई यांनी प्रथम निदर्शनास आणली. हेडक्लार्क यांनी ती सभेत सांगितली नाही, म्हणून येथे नमूद करीत आहे.'

इतिवृत्ताची वही सह्यांसाठी फिरवण्याचं काम शिपायाचं. हिराबाई ती घेऊन आधी बाणखेले सरांकडे गेल्या, मग सायकलवर टांग टाकून मंचरला दादाभाऊच्या गाळ्यावर. उन्हं कलल्यावर परत आल्या. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. वही उघडीच माझ्यापुढे ठेवली, विषय चारच्या पानावर. त्यांनी ते वाचलं होतं, हे उघड होतं.

मी वाट पाहिली. त्या काहीतरी म्हणतील असं वाटत होतं. त्यांनी पदर सारखा केला, बोट पानाच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"ह्या टायमाला तारीख बरुबर हाय," म्हणाल्या, आणि घंटा द्यायला गेल्या.